वच्छला सिस्टरची सलाईन कॉफी

वच्छला सिस्टर बंगळुरूहून परतल्या तेव्हा त्यांच्या सामानात नवी म्हणावी अशी तीनच चिजा होत्या. मोबाईलमधले नातीचे फोटो, लेकीने घेऊन दिलेली एक साडी आणि कॉफी पावडरीचं एक पाकीट. फोटो पहिल्याच दिवशी अर्ध्या शहापूरने पाहिले. साडी दुसऱ्या दिवशी शेजारच्या गोदावरीबाईंनी बोटांनी चाचपून पाहिली आणि "सूत चांगलं आहे" असा निकाल दिला. पाकिटाकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. आणि पुढे सगळा गोंधळ घातला तो त्या पाकिटानेच.

वच्छला गजभिये म्हणजे रिटायर झालेल्या नर्सबाई. नोकरीची बहुतेक वर्षं तुमसर तालुक्यात, पार मध्य प्रदेशाच्या सीमेजवळच्या बपेऱ्याला काढली. नवरा तेजरामजी वीज कंपनीत लाईनमन होते, तेही रिटायर. आता दोघं भंडाऱ्याजवळ शहापूरला हायवेच्या आतल्या बाजूला बांधलेल्या घरात राहत. पुढे पत्र्याची छपरी, छपरीत दोन खुर्च्या, आणि दिवसभर दुरून येणारा ट्रकांचा आवाज. तेजरामजींचा दिवस चहाने उगवायचा आणि चहानेच मावळायचा. वच्छलाबाईंना मात्र चहाचं प्रेम असं कधी नव्हतंच. त्यांनी चहा प्यायला तो नोकरीचा भाग म्हणून. बाळंतीण सुटली की त्या घरातला पहिला चहा सिस्टरला. साखर अशी ओतलेली की ओठाला ओठ चिकटावा. तो उभ्या उभ्या घ्यायचा, "छान झाला" म्हणायचं आणि पुढच्या घराकडे सायकल वळवायची.

सगळीकडे तो चहा सारख्याच मनाने मिळत होता असंही नाही. बपेऱ्यात एका मोठ्या घरी त्यांचा कप वेगळा असे. कान तुटलेला, खिडकीच्या कोनाड्यात पालथा घालून ठेवलेला. का, ते कोणी बोलून दाखवत नसे, आणि वच्छलाबाईंना विचारायची गरज नव्हती. त्या घरची सून कुंताबाई. तिचं पहिलं बाळंतपण वच्छलाबाईंनीच केलं. पोराला डोस पाजायला त्या परत गेल्या तेव्हा कुंताबाईने कोनाड्यातला कप उचलला, अंगणापर्यंत आणला आणि सोडून दिला. सासू आतून ओरडली. "हातातून सुटला जी," कुंताबाई म्हणाली आणि घरातले सगळे प्यायचे त्याच स्टीलच्या गिलासात चहा घेऊन आली. कप सुटलेला नाही, सोडलेला आहे, हे दोघींनाही ठाऊक होतं. तेव्हापासून त्यांची मैत्री जुळली ती जुळलीच.

तर लेकीच्या, तृप्तीच्या, बाळंतपणासाठी वच्छलाबाई बंगळुरूला गेल्या आणि तिथे चार भिंतींत अडकल्या. खिडकीतून समोरच्या बिल्डिंगची खिडकी. बोलायला माणूस नाही. लेक रात्रभर जागी, म्हणून सकाळी झोपलेली. जागे असायचे ते दोघंच, सासू आणि जावई. वीरेंद्र भला माणूस, पण अबोल. "जय भीम मम्मी" म्हटलं की त्याचं बोलणं संपायचं. वच्छलाबाईंनाही जावयाशी काय बोलावं ते सुचत नसे.

पण हा अबोल माणूस रोज सकाळी ओट्याशी एक विधी करायचा. पांढरा चिनीमातीचा शंकू, त्यात कागद, कागदात पावडर, आणि वरून सारसाच्या मानेसारख्या वाकड्या तोटीच्या किटलीने पाण्याची बारीक धार. आधी थोडं पाणी घालून थांबायचा. पावडर फुगून यायची, श्वास घेतल्यासारखी. मग गोल गोल, हळूहळू धार. खालच्या काचेच्या भांड्यात थेंब टपकत राहायचे.

"हे तर सलाईन झालं," एक दिवस वच्छलाबाईंच्या तोंडून निघून गेलं.

वीरेंद्र हसला. लग्नाला तीन वर्षं झाली होती, पण जावई एवढा मोकळा हसलेला त्यांनी पाहिला नव्हता. "अगदी बरोबर मम्मी. ड्रिपच आहे. थेंब लवकर पडले तर पानचट, उशिरा पडले तर कडू."

"मंग तुम्ही माह्याच खात्यातले निघाले," त्या म्हणाल्या.

पहिल्या दिवशीची कॉफी त्यांना कडुनिंबाच्या काढ्यासारखी लागली. दूध नाही, साखर नाही, हे काय पिणं झालं? पण जावयाने दिली म्हणून संपवली. दुसऱ्या दिवशीही संपवली. आणि मग कधीतरी, नात नुकतीच झोपली होती, बाहेर गार होतं, त्यांनी एक घोट घेतला आणि तोंडात वेगळंच काही उमटलं. लहानपणी आई तव्यावर मोहफुलं भाजायची, अगदी तसा वास. कडूच, पण त्या कडूच्या पाठीमागून गोड येत होतं, कोणी चमच्याने न घातलेलं. त्यांनी कप खाली ठेवला, परत उचलला, परत घोट घेतला. तेच.

त्या दिवसापासून रोज सकाळी सासू-जावयाच्या गप्पा सुरू झाल्या. आधी कॉफीच्या, मग वीरेंद्रच्या ऑफिसच्या, मग बपेऱ्याच्या. तृप्ती उठून येई तेव्हा दोघं असे रंगलेले असत की ती म्हणायची, "मम्मी, तू माझ्यासाठी आलीस की यांच्यासाठी?"

निघताना वीरेंद्रने ते पाकीट दिलं. पावडर दळूनच दिली होती, जाडसर, तांदळाच्या बारीक कणीएवढी.

शहापूरला आल्यावर वच्छलाबाईंनी ती चहासारखी पातेल्यात उकळली. तेजरामजींनी एक घोट घेतला आणि कुंडीतल्या तुळशीकडे पाहिलं.

"तिच्यात नका टाकू," वच्छलाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी चहाच्या गाळणीतून गाळली. तळाला चिखल, वर फिक्कट पाणी, आणि कडूपणा असा की घशात जाऊन बसला. तिसऱ्या दिवशी त्यांनी जावयाला फोन लावला. वीरेंद्रला एवढा आनंद झाला की तासाभरात मोबाईलवर फोटोंची रांग लागली. वाकड्या मानेची किटली, तीही विजेची, पाण्याची उष्णता दाखवणारी. ग्रॅम मोजणारा काटा. हाताने फिरवायची चक्की. काचेचं भांडं. शंकू चिनीमातीचा, काचेचा, स्टीलचा, तांब्याचा. खाली लिहिलेलं, "मम्मी, मी सगळं पाठवून देतो."

वच्छलाबाईंनी एकेक फोटो मोठा करून पाहिला. शोभिवंत होतं सगळं. पण सायकलवरच्या एका बॅगेत मावेल तेवढ्या सामानावर त्यांनी अर्ध्या बपेऱ्याची पोरं जन्माला घातली होती. लागतं काय आणि मिरवतं काय, हे त्यांना फोटोवरूनही ओळखता येत होतं.

"नका पाठवू वीरेंद्रजी," त्यांनी फोनवर सांगितलं. "मीच पाहीन. आजवर जे मिळालं ते वापरलं. आता एखादी वस्तू मले निवडू तर द्या."

मग त्या छपरीतल्या खुर्चीवर विचार करत बसल्या. चक्की कशाला? पावडर वीरेंद्रजी दळूनच पाठवतील ना. महिन्याभरात संपवली म्हणजे झालं. काटा कशाला? सपाट चमचा आहे, हात आहे. पाण्याला उकळी आली की थोडं थांबायचं, त्याला विजेचं यंत्र कशाला? काचेचं भांडं तर फुटायलाच असतं, थेट कपावर शंकू ठेवला की झालं. राहता राहिला शंकू, कागद आणि बारीक धार. शंकू त्यांनी प्लास्टिकचा निवडला. हलका, फुटायची भीती नाही, आणि वीरेंद्रच म्हणाला होता की चिनीमातीपेक्षा प्लास्टिक पाण्याची ऊब कमी खातं. शंकू आणि कागदाचं पाकीट त्यांनी मोबाईलवरून स्वतः मागवलं. आयुष्यातली ही त्यांची पहिली ऑर्डर.

पार्सल आलं त्या दिवशी त्या तुमसरला लग्नाला गेल्या होत्या. परत आल्या तर तेजरामजी अंगणात मोटरसायकलपाशी उकिडवे बसलेले. मोटरसायकलच्या पोटात त्यांनी तो नवाकोरा शंकू उलटा-सुलटा करून बसवला होता आणि त्यातून काळंभोर ऑईल ओतत होते.

"हे काय करून राहिले तुम्ही?"

"ऑईल टाकून राहिलो," तेजरामजी खुशीत म्हणाले. "तू नरसाळं मागवलं हे बेस केलं. आपलं जुनं फुटलंच होतं. फक्त याचं भोक मोठं आहे अन् आतून ह्या रेघा कायले ठेवल्या ते काही समजत नाही."

"अन् ते कागद?"

"मस्त आहेत. हात एकदम साफ निघते."

पायरीवर काळ्या बोटांचे कागद पसरले होते. वच्छलाबाई ते कागद ओलांडून पायरी चढल्या. चप्पल काढली, आत गेल्या, लग्नाची साडी घडी करून ठेवली, आणि थोड्या वेळाने चहाचा कप घेऊन बाहेर आल्या. "घ्या," म्हणाल्या.

तेजरामजींनी कप घेतला. ओरडणारी वच्छला त्यांना परवडायची. "घ्या" म्हणणारी वच्छला म्हणजे प्रकरण गंभीर. त्यांनी गोदावरीबाईंना कुंपणावरून हळूच विचारलं, "ते नरसाळं कशाचं होतं हो?"

"काफीचं होतं म्हणते तृप्तीची आई. चार दिवसांपासून वाट पाहून राहिली होती बिचारी."

रात्री तेजरामजींनी तो शंकू साबणाने घासला, सोड्याने घासला, राखेनेही घासला. सकाळी कपावर ठेवून, उरलेल्या बऱ्यातला बरा कागद शोधून, स्वतः पाणी ओतलं आणि बायकोपुढे कप धरला. वच्छलाबाईंनी नाकाशी नेला आणि परत केला. "पेट्रोल पंपावर उभं राहिल्यासारखं वाटते."

तेजरामजींनी तोच कप तोंडाला लावला आणि शेवटच्या थेंबापर्यंत संपवला. "चांगली तर आहे."

"तुम्ही मोटरसायकल होय का?" वच्छलाबाई म्हणाल्या, आणि कालपासून दाबून ठेवलेलं हसू फुटलंच.

हसल्या खऱ्या, पण मग स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी सरकवत बसल्या. तेजरामजी दारात उभे राहिले.

"दुसरं मागव ना."

"मागवता येते. ते नाही." त्यांनी एक भांडं पालथं घातलं. "मले वाटलं होतं, सामान आलं की आपल्याच हातानं उघडीन. बस."

तेजरामजी दारातून हलले. ते मोटरसायकल काढून भंडाऱ्याला गेले. संध्याकाळी आले ते पिशवी भरून. एक पत्र्याचं नरसाळं, एक रसाची मोठी चाळणी, आणि शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानातून काचेचं सुरेख नरसाळं, त्यासोबत गोल गाळणकागद. पिशवी त्यांनी उघडली नाही. तशीच बायकोपुढे ठेवली. "तूच उघड."

काचेचं नरसाळं पाहून वच्छलाबाई हरखल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ते धुऊन, कागद बसवून, पावडर घालून पाणी ओतलं. पाणी गेलंच नाही. कागद भिजून काचेला असा चिकटला की वर डबकं, खाली ठणठणाट. थेंब पडायचा तो कोणी आठवण करून दिल्यासारखा. चहा पिऊन तेजरामजींनी पेपर वाचून काढला तरी कप अर्धाच भरला होता, आणि जे उतरलं ते जिभेला बोचणारं, कडूजहर.

वच्छलाबाईंनी ऑईलवाला शंकू परत हातात घेतला. आतल्या उभट रेघांवरून बोट फिरवलं. "हे पाहा," त्या म्हणाल्या, "ह्या रेघा यासाठी होत्या. कागद भिंतीले चिकटू नये, मधून हवा जावी. अन् भोक मोठं, म्हणजे पाणी अडत नाही."

"मंग काल मले सांगायचं ना."

"काल मले तरी कुठं मालूम होतं?"

त्याच आठवड्यात कुंताबाई आली. डोळे तपासायला बपेऱ्याहून भंडाऱ्याला आली होती, तिथून मैत्रिणीकडे आली. आता तिला सुना होत्या, नातवंडं होती, पण येताना पिशवीत घरचे तांदूळ आणायची सवय गेली नव्हती. छपरीत बसून तिने सगळी कहाणी ऐकली, ऑईलचा भाग दोनदा सांगायला लावला आणि पदर तोंडाला लावून खो खो हसली. तेजरामजी मोटरसायकल पुसायला निघून गेले.

"एवढं कागदावाचून अडते कायले?" हसू आवरल्यावर कुंताबाई म्हणाली. "कपड्यानं गाळ ना. आम्ही दही टांगतो, तसं."

वच्छलाबाईंनी वीरेंद्रला विचारलं. तो म्हणाला, कापडाची गाळणी असते की, जुनी पद्धत आहे, कॉफी थोडी दाट उतरते. फक्त कापड रोज धुवावं लागतं, साबण चालत नाही, नाहीतर वास राहतो.

"धुण्याचं मले कोन शिकवते," वच्छलाबाई म्हणाल्या.

कॉफीचे कागद भंडाऱ्यात मिळत नव्हते. दर पाकिटासाठी पार्सलची वाट पाहत बसणं त्यांना पटत नव्हतं. कापडाचं बरं, फाटलं तर दुसरं शिवावं. त्यांनी जाड पांढरं सुती कापड काढलं आणि मशीनवर बसून शंकूच्या आकाराची पिशवी शिवली. पहिली फार खोल झाली, मोज्यासारखी लोंबायला लागली. दुसरी उथळ. तिसरी जमली. मग ती पाण्यात उकळली, नोकरीत कात्र्या-चिमटे उकळत तशी, नवेपणाची खळ निघून पाणी स्वच्छ दिसेपर्यंत.

पिशवीला तोंडाशी कडी हवी होती. हे ऐकलं आणि तेजरामजी मोटरसायकल सोडून आले. तारेचं काम म्हणजे त्यांचं काम. शेडमधून त्यांनी स्टीलची जाड तार शोधून काढली, दोन पकडींनी ती वाकवली, गोल केली आणि तिच्याच शेपटाचा दांडा वळवून घेतला. आयुष्यभर खांबावर चढून तारा ओढणारा माणूस छपरीत मांडी घालून, जीभ दातात धरून एवढीशी कडी वळत बसला होता. टोकं कानशीने घासली, बायकोच्या हाताला लागू नयेत म्हणून. कडी जरा लंबगोल झाली. वच्छलाबाईंनी ती तशीच ठेवून घेतली.

आता उरली धार. घरातली चहाची ॲल्युमिनियमची किटली पावडरीत खड्डा पाडायची. पाणी त्या खड्ड्यातून सरळ खाली, बाजूची पावडर कोरडीच. म्हणून दोघं भंडाऱ्याला भांड्यांच्या दुकानात गेले. दुकानदार भैय्याजी जुने, पितळेचे शौकीन. त्यांनी एकाहून एक झाऱ्या काढल्या. नक्षीच्या, मोराच्या तोंडाच्या, लग्नात द्यायच्या.

"पूजेले पाहिजे का बाई?"

"कॉफीले पाहिजे."

भैय्याजींनी तेजरामजींकडे पाहिलं. तेजरामजींनी, माझा काही संबंध नाही, अशा नजरेने छताकडे पाहिलं.

वच्छलाबाईंनी पाण्याचा जग मागितला आणि ताटात एकेका झारीची धार सोडून पाहू लागल्या. एक गळायची. एकीची धार आधी जाडी, मग एकदम बंद. मोराच्या तोंडाची झारी तीन ठिकाणाहून पाणी सोडायची. एका पितळेच्या झारीची धार मात्र फारच सुंदर होती, रेशमाच्या धाग्यासारखी. भैय्याजी म्हणाले, "हीच घेऊन जा बाई, नातवंडं वापरतील." वच्छलाबाईंनी ती भरून उचलली आणि मनगटात कळ आली. बपेऱ्याच्या नाल्यात एकदा सायकल घसरली होती तेव्हा मोडलेलं मनगट, ते अजून जड उचलू देत नव्हतं. त्यांनी झारी परत ठेवली. ठेवताना जरा रेंगाळल्या.

"घे ना," तेजरामजी म्हणाले. "जड असन तर मी धरीन."

"तुम्ही धरसान, अन् मी पाहत बसू?"

शेवटी सापडली ती खालच्या फळीवर. तेल-तूप वाढायची स्टीलची छोटी झारी, झाकणाची, बारीक तोटीची. दिसायला काहीच नव्हती. पण एका कपापुरतं पाणी मावत होतं, भरली तरी हाताला जाणवत नव्हती, आणि धार सोडली तर हवी तिथे, हवी तेवढी. वच्छलाबाईंनी ताटात तिच्या धारेने गोल काढला, गोलात गोल काढला. भैय्याजी कौतुकाने पाहत राहिले आणि मग म्हणाले, "ही तर मी दाखवलीच नसती तुम्हाले." तिचा कान तापू नये म्हणून घरी आल्यावर तेजरामजींनी त्यावर सुतळी गुंडाळून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी छपरीत स्टूल मांडलं गेलं. कपावर तारेची कडी, कडीत ओली पिशवी, पिशवीत पावडर. उकळतं पाणी झारीत ओतलं की त्याची चढलेली वाफ आपोआप उतरे, वेगळं थांबावं लागत नसे. वच्छलाबाईंनी थोडं पाणी घातलं. पावडर फुगली. त्यांनी श्वास रोखून पाहिलं, मग गोल गोल धार सोडली. थेंब पडू लागले. सावकाश नाही, घाईत नाही. कितीतरी बाळंतिणींच्या उशाशी बसून पाहिलेले थेंब, तशाच गतीने.

गोदावरीबाई कुंपणापलीकडून पाहत होत्या. "सिस्टर, कोनाले सलाईन लावून राहिल्या जी?"

झालं. त्या दिवसापासून तिचं नाव सलाईन कॉफी पडलं. येणारा-जाणारा विचारायचा, "सिस्टर, सलाईन झाली का?" काहींनी चाखून पाहिली. गोदावरीबाईंनी साखर घालून घेतली आणि तरीही तोंड वाकडं केलं. कुंताबाई चष्मा घ्यायला परत आली तेव्हा तिने पूर्ण कप घेतला, डोळे मिटून विचार केला आणि म्हणाली, "जळलेल्या भाकरीचं पानी लागते बाप्पा. पन तू पी. तुह्या तोंडावर बरी दिसते."

तेजरामजी चहाशी एकनिष्ठ राहिले. फक्त रोज सकाळी स्टूल ते मांडायचे आणि पिशवी धुऊन दोरीवर तेच वाळत घालायचे, न सांगता. पावसाळ्यात पिशवी वाळेना, वास यायला लागला, तेव्हा वच्छलाबाईंनी आणखी दोन शिवल्या आणि वापरात नसतील त्या पाण्यात बुडवून फ्रीजमध्ये ठेवायला लागल्या. एकदा तेजरामजींनी सरबत समजून ते पाणी प्यायलं, पण त्याबद्दल त्यांनी कुठे वाच्यता केली नाही. गोदावरीबाईंना कसं कळलं देव जाणे.

ऑक्टोबरात तृप्ती आणि वीरेंद्र नातीला घेऊन आले. दीक्षाभूमीला जाऊन मग शहापूरला मुक्काम. वीरेंद्रने सासूसाठी मोठा खोका आणला होता. त्यात सगळंच होतं. वाकड्या मानेची किटली, काटा, चक्की, चिनीमातीचा पांढरा शंकू. वच्छलाबाईंनी एकेक वस्तू काढून पाहिली, मनापासून कौतुक केलं. सकाळी वीरेंद्रने त्या सगळ्या सामानावर कॉफी केली. स्वच्छ, नितळ, बंगळुरूसारखीच. मग वच्छलाबाई उठल्या, झारी घेतली, पिशवी ओली केली आणि शेजारी दुसरा कप तयार केला.

वीरेंद्रने घोट घेतला, तोंडात फिरवला. तो खोटं बोलणारा नव्हता.

"मम्मी, थोडी दाट आहे. जरा गढूळही. कापडातून तेल उतरतं ना. धार थोडी जलद सोडली तर..."

"हो," वच्छलाबाई म्हणाल्या. "अन् भल्ली कडू पन आहे ना?"

"थोडीशी."

"मले असीच आवडते."

वीरेंद्र बंगळुरूच्या त्या सकाळसारखा मोकळा हसला. त्याने स्वतःचा कप स्वतःपुढे ओढला, सासूचा सासूपुढे सरकवला. तेजरामजी नातीला मांडीवर घेऊन बशीतला चहा फुंकत होते. नात बशीकडे हात करत होती.

"ते सामान घेऊन जा तुम्ही परत," वच्छलाबाई म्हणाल्या. "एवढं लांबून आणलं, वाईट नका वाटून घेऊ. तुमच्या ओट्यावर शोभून दिसते. पावडर तेवढी ठेवून जा. अन् पुढच्या वेळी आणखी जरा जाड दळून पाठवा, गढूळपन तेवढं कमी होईन."